फाटकाबाहेरचं टेबल : एका चर्चच्या मदत केंद्राचा आढावा

जालना जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर जुनं मिशन कंपाऊंड, म्हणजे चर्चचं आवार, आहे. दर शनिवारी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत फाटकाच्या बाहेर, लिंबाखाली, दोन टेबलं मांडली जातात. एकावर सरकारी योजनांचे अर्ज भरून मिळतात, दुसऱ्यावर बीपी आणि शुगर तपासतात. फाल्गुनापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत शेजारी चार रांजणांची पाणपोई असते. आत, बंद पडलेल्या शाळेच्या एका खोलीत अभ्यासिका आहे. सगळं मोफत. चालवतात त्या मंडळीतलेच, म्हणजे चर्चच्या सभासदांतलेच लोक: महिला मंडळातल्या चौघी-पाचजणी, तरुण संघाची पोरं, एक निवृत्त ग्रामसेवक आणि एक नर्सबाई. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) येऊन-जाऊन असतात, पण खुर्ची अडवून बसत नाहीत. आम्ही याला पाचपैकी साडेतीन गुण देतो.

सगळ्यात जास्त गुण टेबलाच्या जागेला. हेच टेबल फाटकाच्या आत दहा पावलांवर मांडलं असतं, तर गर्दी निम्मीही झाली नसती. मिशन कंपाऊंडच्या भिंतीबद्दल गावात जुने समज असतात. आत गेलं की नाव लिहून घेतात, आपल्या माणसाचं तिथं काय काम, असं बरंच काही. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली टेबल दिसलं की माणूस चालता चालता थांबतो, पुढच्याचं काय चाललंय ते ऐकतो आणि मग पिशवीतून कागद काढतो. ‘आमचं दार सगळ्यांना उघडं आहे’ असं प्रत्येक चर्च म्हणतं. दार उघडं ठेवणं वेगळं आणि टेबल उचलून बाहेर नेणं वेगळं.

तुलनेला याच मंडळीचं वर्षातून एकदा होणारं आरोग्य शिबिर घ्या. सभागृह, फ्लेक्स, प्रमुख पाहुणे, पाहुण्यांचं भाषण, मग तपासणी आणि शेवटी पाच दिवसांच्या गोळ्या. रक्तदाबाचं औषध बहुतेकांना कायमचं घ्यावं लागतं. सहाव्या दिवशी त्या माणसाने काय करायचं? शिबिराचे फोटो छान येतात, पण औषधाचा हिशेब जुळत नाही. त्या एका दिवसाच्या खर्चात शनिवारचं टेबल बरेच महिने चालेल.

आता अर्जाचं टेबल, कारण खरं काम इथंच होतं. जास्त येतात ते निराधारचे अर्ज. पासष्ट वर्षांच्या आतल्या विधवा, दिव्यांग, निराधार यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना. पासष्टच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारणपणे २१,००० रुपये (म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, हा आकडा ठरवणाऱ्याने बाजारहाट कधी केला होता कोण जाणे). राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. कागद असे: आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, विधवेसाठी नवऱ्याचा मृत्यू दाखला, दिव्यांगासाठी प्रमाणपत्र.

या टेबलाची पद्धत चांगली आहे. अर्जाला हात लावण्याआधी आधार, रेशनकार्ड आणि पासबुक एकाखाली एक मांडतात आणि नाव अक्षर-अक्षर वाचतात. आधारावर ‘कौसाबाई’, रेशनकार्डावर ‘कौशल्या’, पासबुकात ‘कौशाबाई’. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तिघी. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा इथं. ख्रिस्ती घरांत यात आणखी एक भर पडते: बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेच्या टीसीवरचं दुसरं, लग्नानंतरचं तिसरं. अशा वेळी इथं आधी आधार दुरुस्त करून घ्यायला पाठवतात, मग त्याप्रमाणे बाकीचे कागद. उलट क्रमाने गेलात तर दोनदा खेटे पडतात.

दुसरी पायरी बँकेची. खात्याला आधार ‘लिंक’ आहे असं लोक सांगतात, पण पैसे येण्यासाठी ते खातं आधारशी ‘सीडिंग’ झालेलं लागतं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी बँकेमार्फत नोंद लागते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या बाईची दोन-तीन खाती असतील, तर थेट लाभाची रक्कम शेवटी ज्या खात्याचं सीडिंग झालं त्यात जाते. ते खातं बचत गटाच्या वेळी उघडलेलं असतं आणि त्याचं पासबुक कुठे आहे तेही तिला आठवत नाही. ‘माझे पैसे बंद झाले’ म्हणून आलेल्या बाईचे पैसे पुष्कळदा बंद झालेले नसतात, भलत्या खात्यात पडून असतात. टेबलावरची पोरं आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती बघून बँकेचं नाव सांगतात. पाच मिनिटांचं काम, पण तेवढ्यासाठी तहसील, बँक, पुन्हा तहसील अशा चकरा वाचतात.

तिसरी अडचण ओटीपीची. आधारला जोडलेला नंबर नातवाचा. नातू कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेला, सांगली-कोल्हापूरकडे कुठल्या तरी फडात, किंवा सिमकार्डच बदललेलं. शिवाय कष्टाच्या हातांचा अंगठा मशीनवर उठत नाही. टेबलावर यासाठी कोमट पाणी, साबण आणि कोरडं फडकं ठेवलंय, हे पाहून बरं वाटलं. हात धुऊन, नीट पुसून, अंगठ्याऐवजी दुसरं बोट लावलं की बऱ्याच जणींचं काम होतं. नाहीच झालं तर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवणारं यंत्र असलेल्या आधार केंद्रात पाठवतात. रेशनच्या ई-केवायसीला तर चेहरा दाखवून मोबाइल ॲपवर काम होतं, तेही करून देतात.

इथली पहिली चूकही याच टेबलावर आहे, आणि ती किरकोळ नाही. आधार आणि पासबुकाचे फोटो कार्यकर्ते स्वतःच्या मोबाइलवर काढतात आणि ते तसेच राहतात. कुणाचा हेतू वाईट आहे असं म्हणायचं नाही. पण उद्या एखादीच्या खात्यातून पैसे गेले, तर बोट पहिल्यांदा चर्चकडे दाखवलं जाईल. टेबलासाठी एकच वेगळा फोन ठेवावा, काम झालं की लाभार्थीसमोर फोटो पुसावेत, ओटीपी कागदावर लिहून घेऊ नये. झेरॉक्सवर ‘फक्त अमुक योजनेसाठी’ असं लिहून तारीख टाकावी.

दुसरी चूक जिभेची. ‘मावशी, काळजी करू नका, होऊन जाईल.’ होईल की नाही हे चर्चच्या हातात नाही, मंजुरी तहसीलात होते. इथं एवढंच म्हणावं: कागद पूर्ण आहेत, पोचपावती जपून ठेवा, अमुक तारखेला विचारायला या. पोचपावतीचा आग्रह मात्र इथं धरतात आणि तिचा नंबर वहीत उतरवतात. ही वही पाहण्यासारखी आहे: तारीख, नाव, गाव, योजना, पोचपावती नंबर, पुन्हा कधी विचारायचं. धर्माचा आणि जातीचा रकाना नाही. चर्चला नोंदवह्यांची सवय जुनी. बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवणाऱ्यांनी तीच शिस्त गावाच्या कामाला लावली, एवढंच. ‘पुन्हा कधी’ हा शेवटचा रकाना मात्र निम्म्या ओळींत कोरा दिसला.

त्या कोऱ्या रकान्याबद्दल जरा बोललं पाहिजे. चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची येशूने सांगितलेली गोष्ट, प्रत्येक मंडळीत वाचला जातो. तेल-द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, हे सगळ्यांच्या लक्षात असतं. पण तो माणूस जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी दोन नाणी देतो आणि वर सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. पाठपुरावा त्या गोष्टीतच आहे. अर्ज भरला तो पहिला दिवस. सव्वा महिन्याने तहसीलात जाऊन ‘त्रुटी’ निघाली का ते बघणं हा दुसरा. दुसऱ्या दिवसासाठी आठवड्यातून एकदा जाणारं एक ठरलेलं माणूस लागतं. सध्या हे काम निवृत्त ग्रामसेवक एकटे ओढतात.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न या टेबलावर येतोच, आणि इथं गुळमुळीत उत्तर मिळतं. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. मराठवाड्यात एकाच आळीत, एकाच आजोबांची नातवंडं यामुळे वेगवेगळ्या प्रवर्गांत बसतात. हे कडू आहे, पण स्पष्ट सांगावं. धर्माचा रकाना दडवून दाखला काढायचा सल्ला चर्चच्या टेबलावरून जाता कामा नये; पुढे पडताळणीत अडकतं ते पोरगं.

बीपी-शुगरचं टेबल नर्सबाई असतात तोवर उत्तम, त्या नसल्या की बेताचं. त्या आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं बसवतात. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नाही. बोलणं बंद. दोनदा मोजतात, मध्ये एखादं मिनिट जाऊ देतात. तरुण संघाची पोरं मात्र उन्हातून चालत आलेल्याला लगेच पट्टा बांधतात आणि आकडा वर गेला की घाबरवतात. शिवाय पट्टा एकाच मापाचा. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो, जाड दंडाला लहान लावला की जास्त. लहान आणि मोठा असे आणखी दोन पट्टे घेतले तर हा दोष जाईल. १४०/९० च्या वर एकदा आलं म्हणजे बीपीचा आजार ठरला असं नाही, पुन्हा तपासायला बोलवावं. १८०/१२० च्या पुढे असेल आणि छातीत दुखणं, दम, बोलताना जीभ अडखळणं असलं काही असेल, तर चिठ्ठी देत बसू नये, गाडी करून दवाखान्यात न्यावं.

शुगर तपासायच्या पट्ट्या (स्ट्रिप्स) अधिक सांभाळायला हव्यात. त्या साधारण ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. डबी टेबलावर उघडी, उन्हाची तिरीप थेट तिच्यावर. अशा पट्टीचा आकडा किती खरा? डबी आत सावलीत ठेवावी, एक पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावावं. आणि बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसण्यापेक्षा साबणाने धुऊन कोरडं करावं. गुळाचा चहा किंवा जिलेबी खाऊन आलेल्याच्या बोटावरची साखरही यंत्र मोजतं. सुया एकीला एक, वापरलेल्या सुया जाड झाकणाच्या डब्यात. हे इथं पाळतात. डबा भरला की तो दवाखान्याकडे जातो, कचऱ्यात नाही. तीस वर्षांवरच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी उपकेंद्रातही होते, तेव्हा सापडलेला रुग्ण आशाताईंच्या यादीत गेला पाहिजे. तशी चिठ्ठी इथं देतात. पाच दिवसांच्या गोळ्यांपेक्षा ही चिठ्ठी मोलाची.

पाणपोई. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात कंपाऊंडातल्या विहिरीला कुलूप घालून फाटकावर ‘प्रभू जीवनाचं पाणी देतो’ असं लिहिणं शोभत नाही. इथं कुलूप नाही. विहिरीचा व्यास ३ मीटर, उन्हाळ्यात पाणी २ मीटर धरलं तर ते सुमारे १४,००० लिटर होतं. हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे ३५ ते ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तसं जास्त. पावडर थेट विहिरीत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करायची, पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटं ठेवायचं. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडून ढवळायचं, गाळ फेकून द्यायचा. तो विहिरीत गेला तर पाणी आणखी जड (क्षाराचं) होतं. मग तासभर थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणं. नळीत फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर पाणी अजून पिण्याजोगं झालेलं नाही. इथं पावडर मोजून घेतात, पण पिशवी उघडी ठेवतात. उघड्या पिशवीतली पावडर ताकद गमावते, मग माप बरोबर असूनही रंग येत नाही. ओटी टेस्ट रोज करतात म्हणून हे लक्षात तरी येतं.

रांजणांना तोट्या आहेत, त्यामुळे कुणी हात बुडवत नाही. आठवड्यातून एकदा रिकामे करून काथ्याने घासतात आणि उन्हात वाळवतात. साबण लावत नाहीत, तो मातीत मुरतो. बोअरचं जड पाणी भरलं की बाहेरून पांढरे डाग धरतात, छिद्रं बुजतात आणि पाणी गार होत नाही. म्हणून विहिरीचंच भरतात. तक्रार एकच: रविवारी उपासनेच्या वेळी पाणपोईवर चिटपाखरू नसतं आणि अकराच्या उन्हात रांजण कोरडे पडतात. आत स्तोत्र चालू आहे, बाहेर माणूस तोटी फिरवून बघतोय. दोघांची पाळी लावली की हे संपेल.

अभ्यासिकेबद्दल थोडक्यात. खुर्च्या बऱ्या, उजेड पुरेसा, इन्व्हर्टर आहे. मुलींसाठीच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. ती बसवेपर्यंत बाकीच्या सुधारणांबद्दल बोलू नये.

आता नाजूक भाग. अर्जाच्या पोचपावतीसोबत प्रार्थनेचं पत्रक घडी करून दिलं जातं. वाचता न येणाऱ्या बाईला दोन्ही कागद सरकारीच वाटतात; ती दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत जपते आणि तहसीलात दोन्ही पुढे करते. तिथला कारकून काय समजेल आणि गावात काय पसरवेल, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. चर्चने आपली ओळख लपवावी असं अजिबात नाही. फाटकावर क्रूस आहे, तो असू द्या. कुणी आपणहून प्रार्थना करायला सांगितलं तर करा. पण अर्जाच्या रांगेत ते हातात कोंबू नका. मदत ही मदत म्हणून पोचली पाहिजे, आमिष म्हणून नाही; आणि घेणाऱ्यालाही तसं वाटलं नाही पाहिजे.

हे नवं काही नाही. ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासून या भागात चर्चचं नाव जमीन, विहीर, शाळा, दवाखाना यांच्याशी जोडलेलं आहे. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये गेले. गावांनी आधी औषध नाही, पाणी आणि अन्न मागितलं, आणि त्यांनी तिथून सुरुवात केली. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना त्यांनी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखान्यात बसून रुग्णाची वाट पाहिली असती तर यातलं काहीच झालं नसतं. आज कितीतरी मिशन कंपाऊंडांत इमारती आहेत, जागा आहे, विहीर आहे, फक्त बाहेर निघायची सवय मोडली आहे. म्हणून हे दोन टेबलांचं केंद्र, इतक्या चुका असूनही, साडेतीन गुणांचं.

वाढवायचं असेल तर दिशा दिसते आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. निराधारचे खरे लाभार्थी तेव्हा घरीच असतात, पण त्यांना तालुक्याला आणणारं कुणी नसतं. महिन्यातून दोन शनिवार टेबल गाडीत घालून तांड्यावर न्यावं. सोबत बीपीचं यंत्र, फोन, वही आणि झेरॉक्सचं छोटं मशीन, एवढं पुरे. डिसेंबरात मात्र केंद्र नाताळच्या तयारीत पंधरा दिवस बंद असतं. ऐन गरजेच्या हंगामात.

जाणाऱ्यांसाठी: मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स न्या, आधारला जोडलेला नंबर ज्याच्याकडे आहे त्याला सोबत न्या किंवा फोनवर थांबायला सांगा. साडेदहाच्या आत पोचलात तर अर्ध्या तासात मोकळे होता, अकरानंतर दीड तास धरा. शुगर उपाशीपोटी तपासायची असेल तर चहाही घेऊ नका.

आणि दीड गुण का कापला, तर त्यातला सगळ्यात मोठा वाटा शनिवारचा. शनिवार कार्यकर्त्यांच्या सोयीचा आहे. गावचा आठवडी बाजार मंगळवारी भरतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट प्रवास असला, तरी शनिवारी मुद्दाम येणं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवणं. मंगळवारी खेड्यापाड्यातली माणसं तशीही येतात. बसस्थानकावरून बाजाराला जायचा रस्ता याच लिंबाखालून जातो. त्या दिवशी दोन्ही टेबलं फाटकाच्या आत भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली असतात, आणि बाहेरून पिशव्या घेतलेल्या बायका जात राहतात.